आईच्या ताटाचे टक्के

मला गणित कधीच आवडलं नाही. होम सायन्सला गेले ती त्यात गणित नसेल या आशेवर, आणि शेवटच्या वर्षी आहारशास्त्राच्या प्रॅक्टिकलने ती आशा धुळीला मिळवली. मॅडमनी सांगितलं, घरातली एक मोठी बाई निवडा, ती दिवसभरात काय खाते ते तोलून घ्या आणि त्यातून तिची रोजची गरज किती टक्के भागते ते काढा. पुढचा भाग, तिचा आहार सुधारून पुन्हा टक्के काढा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॅल्क्युलेटर आमच्या मॅडमकडेही नव्हता, तर आमच्याकडे कुठून असणार?

रीत सोपी होती, आकडे छळायचे. कच्च्या शंभर ग्रॅम ज्वारीत लोह किती, हे छापील कोष्टकात असायचं. भाकरीला पीठ किती लागलं ते तोलायचं, त्या प्रमाणात लोह काढायचं. असंच वरणातल्या डाळीचं, भाताच्या तांदळाचं, भाजीचं. सगळ्याची बेरीज करायची, तिला बाईच्या दिवसभराच्या गरजेनं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. प्रथिनांसाठी हेच पुन्हा, उष्मांकांसाठी पुन्हा. मैत्रिणींनी काकू, आत्या, वहिन्या निवडल्या. मी आईला निवडलं, आणि ते अभ्यासाच्या प्रेमाने नव्हे.

त्या पावसाळ्यात आईला विहिरीवरून बादली आणतानाही धाप लागायला लागली होती. डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि रक्त फार कमी आहे म्हणाले. गोळ्या दिल्या. असंच राहिलं तर भरती करून रक्त चढवावं लागेल, असंही सांगितलं. गोळ्यांनी मळमळतं म्हणून तिने त्या कोनाड्यात ठेवून दिल्या आणि आपल्याला काही झालंच नाही अशी घरभर फिरत राहिली. बाबा गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या ठोक दुकानात कामाला होते. दिवसभर थान उलगडून घरी आले की ते आधी आईच्या चेहऱ्याकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत. मी मात्र बोलायचे, भांडायचे, आणि तिच्यावर त्याचा ढिम्म परिणाम व्हायचा नाही.

वाण्याकडून जुना तराजू मागून आणला आणि पहिल्याच दिवशी अडले. आईला ताटच नव्हतं. सगळ्यांची जेवणं झाली की ती चुलीपाशी बसायची, उरलेली भाकरी कढईतच पुसायची, सोबत भिवापुरी मिरचीचा ठेचा. भाजी उरली तर उरली. हे तोलायचं कसं? शेवटी मी कढईच तोलली, आधी आणि नंतर. आकडेमोड केली. उष्मांक निम्म्याच्या वर जेमतेम, प्रथिनं त्याच्या आसपास, आणि लोह पाव हिश्शापर्यंतही पोचेना. मला वाटलं भागाकार चुकला. पुन्हा केला. चुकला नव्हता.

मी तिला कागद दाखवला. तिने लोहाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे मॅडमले दाखवशीन तू?"

"दाखवावंच लागते."

"मंग त्या काय म्हणतीन? पोरगी खाण्यापिण्याचं शिकून राहिली, अन् घरी हिची माय अशी. कोण मार्क देईन वं तुले?"

मार्क माझ्या आकडेमोडीचे आहेत, तुझ्या जेवणाचे नाहीत, हे मी परोपरीने सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि त्यातलं काहीही मानलं नाही. तिच्या लेखी गोष्ट सरळ होती. परीक्षा घराची होती, मॅडम आपल्या घरात डोकावणार होत्या, आणि तिच्यामुळे लेकीचं नाक कापलं जाणार होतं. पाहुणे येणार म्हणून चादर बदलावी, तशी ती माझ्या मॅडमसाठी जेवायला लागली.

तोलायचं म्हणजे आधी वाढायचं, आणि आधी वाढलं की गरम असतानाच खायचं. बाबांच्या आधी जेवायला तिला इतका संकोच वाटायचा की बाबा आपणहून ओसरीवर जाऊन बसायचे आणि रेडिओ मोठा करायचे. "मले भूकच नाही अजून," असं आतल्या माणसाला ऐकू जाईल इतपत मोठ्याने सांगायचे. दुकानातून चालत आलेल्या माणसाला भूक नाही, हे तिला पटायचं की नाही कोण जाणे. पण ती जेवायची.

एवढं करूनही लोह काही वर जाईना. मग कोष्टकात मला अळीव सापडला. चमचाभर अळिवात भाकरीहून जास्त लोह. मी हरखले, पण आईने कपाळाला हात लावला. अळिवाचे लाडू म्हणजे बाळंतिणीचं खाणं.

"या वयात मी अळीव खाऊ? शेजारची काय समजीन?"

"तिले काहून सांगतं? गुपचूप खा न."

"अन् टक्के वाढतीन?"

"लय वाढतीन."

तिने लाडू केले, डाळीच्या डब्यामागे लपवले आणि रोज दार लोटून खाल्ले. बाबांनी एकदा मागितला तर म्हणाली, "हात नका लावू, पोरीच्या परीक्षेचे हायेत." मी हसून हसून बेजार झाले. त्या दिवसांतली आई मला अजून फार आवडते, दाराआड उभी राहून चोरट्या पोरीसारखी लाडू खाणारी.

प्रॅक्टिकल सादर झालं, मार्क बरे पडले. आईला सांगायला मी धावतच निघाले होते. बाबांनी ओसरीवरच अडवलं.

"संपलं म्हणून सांगू नको तिले."

"खोटं बोलू?"

"काहीच नको बोलू. फक्त तराजू उचलू नको."

तराजू राहिला. आई पुढचे कित्येक महिने जेवत राहिली. डॉक्टरांनी पुन्हा पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि खूश होऊन म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. आईने मान डोलावली. बाबांनी आणि मीही.

उन्हाळ्यात निकाल लागला, मी पहिल्या वर्गात पास झाले. आईने देवापुढे साखर ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "झालं न बाई आता. वाण्याचा तराजू देऊन ये." त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना वाढून झाल्यावर ती चुलीपाशी बसली आणि तिने कढई पुढे ओढली.

मला रडू फुटलं. इतके महिने ती माझ्या मार्कांसाठी जेवली होती. स्वतःच्या रक्तासाठी तिने एक घासही खाल्ला नव्हता. तिचा राग आला, तिला असं घडवणाऱ्या सगळ्यांचा आला, आणि तिच्याबद्दल तितकीच मायाही दाटली. खरं तर मला एका शाळेत नोकरी मिळत होती, आणि अभ्यासाचा मला मनापासून कंटाळा आला होता. कॉलेज उघडल्यावर मी जाऊन एमएस्सीला नाव घातलं.

नात्यात अजूनही म्हणतात, हिला शिकायची भारी हौस. मी ऐकून घेते.

वाण्याचा तराजू मी परत केलाच नव्हता. घरी येऊन आईला सांगितलं, पुढचं शिकणार आहे, अन् त्यात तर जास्तच तोलावं लागते. तिचा पिठातला हात थांबला.

"मॅडम त्याच?"

"त्याच."

"अजून किती वर्ष खाऊ वं मी?"

"दोन."

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा घाईघाईने ओसरीवर निघून गेले आणि रेडिओ लावला. मग हातातल्या गोळ्याला आणखी थोडं भिजवलेलं पीठ लावून तो आईने माझ्यासमोर तराजूत ठेवला.

"हे घे," ती म्हणाली. "लहान भाकरीनं काय होते?"