पंपाच्या इंजिनांवरची रेस

आमचा ट्रॅक म्हणजे महागावजवळच्या एका बंद जिनिंगचं, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं अंगण. पूर्वी तिथं कापसाच्या गंज्या लागत, त्यामुळे सगळीकडे काँक्रीट. ते अंगण आम्ही भाड्यानं घेतलं, ट्रकचे जुने टायर रचून वळणं तयार केली आणि गो-कार्ट फिरवायला द्यायला लागलो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या नवऱ्याचा शाळेतला मित्र. तो मेकॅनिक, त्याच्या वडिलांचंही गॅरेजच होतं. मी त्याला भाई म्हणते आणि तो मला भाभी. माझं स्वतःचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. फवारणीचे पंप, निंदणाचे वीडर, पाण्याची इंजिनं हेच विकत आले मी आजवर. नवरा शाळेत शिकवतो. त्याला आमच्या ट्रॅकचं फार कौतुक नव्हतं.

रविवारी कॉलेजची पोरं यायची, लग्नाला आलेले पाहुणे यायचे, चार चकरा मारून फोटो काढून जायचे. चार तासांच्या रेसची कल्पना भाईची. एका टीमला एक गाडी, तिघांनी आळीपाळीनं चालवायची, चार तासांत ज्यांच्या चकरा जास्त ते जिंकले. गाड्या सगळ्या आमच्याच, आणि चिठ्ठीत निघेल ती गाडी घ्यायची.

इथंच अडलं. आमच्या गाड्यांना तेव्हा मिळतील तशी इंजिनं लावलेली होती. एक गाडी पळायची, दुसरी रडायची. चिठ्ठीत रडकी गाडी निघालेल्या टीमनं आम्हाला जिवंत सोडलं नसतं. सगळ्यांना एकसारखं इंजिन हवं होतं.

भाईला स्कूटरचं इंजिन हवं होतं. मी म्हटलं, पंपाचं. नवीन येतं, सगळी एकसारखी असतात, एका ठरावीक वेगापुढे जातच नाहीत आणि लाल बटन दाबलं की बंद.

"पंपाच्या इंजिनावरची रेस पाहाले कोण येईन, भाभी?" भाई म्हणाला. "लोक हासतील. म्हणतील, हे तं वीडर पळवून राह्यले."

"हासू द्या. चार तास चालली पाहिजे ना गाडी?"

मग दोन्ही इंजिनं दोन गाड्यांना लावली आणि एक अख्खी दुपार आम्ही दोघांनीच आळीपाळीनं चालवून पाहिली. स्कूटरची गाडी वाऱ्यासारखी निघाली. वळणावर मागची चाकं घसरली तेव्हा मी किंचाळले, आणि खोटं कशाला बोलू, मजाही वाटली. पण उन्हं कलायच्या आत तिचा पट्टा जळाल्याचा वास सुटला आणि ती उभी राहिली. पंपाची गाडी एका सुरात घुमत होती, कंटाळा येईपर्यंत. भाईनं वाकून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"एक चांगलं हाय," तो शेवटी म्हणाला, "तार, स्प्रिंगा, सगळं बाहेरच. हात घातला का दुरुस्त."

मलाही ते चांगलंच वाटलं होतं.

मग सगळ्या गाड्यांना पंपाचीच इंजिनं लावली आणि आखणी सुरू झाली. एकानं एका वेळी अर्ध्या तासाच्या वर चालवायचं नाही. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि चालवणारा खाली. हलक्या माणसाला फायदा नको म्हणून जिनिंगच्या जुन्या काट्यावर सगळ्यांचं वजन करायचं आणि कमी पडेल तेवढी वाळूची पिशवी सीटखाली ठेवायची. भाई पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल भरायच्या नि दुरुस्तीच्या जागी लागणार, म्हणून सगळ्यांना थांबवायचा लाल झेंडा माझ्याकडे. गावातल्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर बसायला तयार झाल्या, एक जीप उभी ठेवली. पुसद, उमरखेड, दिग्रसकडून टीमा आल्या. गावातली म्हातारी माणसं 'यंदा बैलांऐवजी यंत्रांचा शंकरपट आहे का' म्हणून विचारायला लागली.

नवऱ्याच्या दोन चुलतभावांची एक टीम होती. त्यांचा तिसरा गडी आदल्या आठवड्यात फुटला आणि नवरा म्हणाला, मी बसतो.

"तुम्ही कायले?" माझ्या तोंडून गेलं.

"काहून? मले जमत नाई?"

जमत होतं. शिस्तीत चालवायचा, वर्गात चालावं तसा. तरी मला ते आवडलं नाही, आणि का ते सांगताही येईना.

दिवस कापसाचे होते. समोरच्या हायवेवरून कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि रस्त्यापलीकडची दुसरी जिनिंग जोरात चालू होती. हवेत रुई, कापसाचे बारीक तंतू, उडत होती, कपड्यांना, भुवयांना चिकटत होती. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसांत आमच्याकडे ती सगळीकडेच असते.

रेस सुरू झाली तेव्हा लोक टायरांच्या मागे दाटीवाटीनं उभे होते. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात चालवणारे बदलून बदलून थोडा गोंधळ झाला, एक गाडी टायरांत घुसली, हसत बाहेर निघाली. भाईनं पिटमधून मला अंगठा दाखवला. मी पाणीसुद्धा पीत नव्हते. झेंडा घट्ट धरून बोटं आखडली होती.

आणि मला एक आवाज ऐकू आला. खरं म्हणजे, यायला हवा होता तो आला नाही. सरळ पट्टा संपला की प्रत्येक गाडीचा आवाज वळणाआधी खाली उतरतो. इतका वेळ ऐकून कान त्याला सरावले होते. एक आवाज उतरलाच नाही. मी वळून पाहिलं. नवऱ्याची गाडी होती.

तो पाय दाबून ब्रेक लावत होता आणि इंजिन मागून ढकलत होतं. गाडी धूर काढत कशीबशी वळणातून निघाली. मी लाल झेंडा उंच धरला. बाकीच्या गाड्या हळू झाल्या. त्याची झाली नाही. तो माझ्यासमोरून गेला तेव्हा हेल्मेटमधून त्याचे डोळे दिसले. मी घसा फाडून ओरडले, "लाल बटन! बटन दाबा!" त्या गोंगाटात त्याला काय ऐकू जाणार? पट्टा संपला आणि तो तसाच टायरांवर गेला. मागचे लोक वेळेवर बाजूला पळाले, टायर उडाले. इंजिन त्या ढिगाऱ्यातही पूर्ण जोरात ओरडत होतं. भाईनं धावत जाऊन बटन दाबलं, तेव्हा शांत झालं.

मी कशी पोचले आठवत नाही. सिस्टर आधीच तिथं होत्या. तो टायरांना टेकून बसला होता, उजवा खांदा खाली लोंबत होता, चेहरा राखेसारखा.

"हाड गेलं वाटते खांद्याचं," सिस्टर म्हणाल्या. "हालवू नका. महागावले नेऊ, पुढे यवतमाळले पाठवतील."

जीप आली. मी त्याच्याबरोबर चढायला गेले, तर त्यानं डाव्या हातानं मला थांबवलं.

"तू येऊ नको. अशाच सगळ्या गाड्या हायत ना? आधी थे पाह्य. कोणाले बसू देऊ नको."

एक चुलतभाऊ त्याच्याबरोबर गेला. जीप फाटकातून बाहेर पडली आणि मी झेंडा हातात घेऊन तिथंच उभी राहिले. पाय मागे धावायला बघत होते.

भाई गाडीजवळ गुडघ्यावर बसला होता. त्यानं मला हाक मारली. अ‍ॅक्सिलेटरची तार जिथं इंजिनाला जाऊन मिळते, तिथल्या स्प्रिंगेत बोट घालून त्यानं काहीतरी ओढून काढलं. रुई होती. तेल आणि धूळ पिऊन समईच्या वातीसारखी घट्ट वळलेली. पाय उचलला तरी तार मागे यायला जागाच उरली नव्हती.

"दुसऱ्या पाहा," मी म्हटलं.

बाकी गाड्यांतही होती. कुठं कमी, कुठं जास्त. भाई एकेका गाडीतून ती काढत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मीही त्याच्याकडे बघत नव्हते.

मागं लोक ओरडायला लागले होते. पुसदच्या टीमचा मोठ्या मिशांचा माणूस पुढं आला. "बाई, झालं थे वाईट झालं. पण आम्ही एवढ्या दुरून आलो. साफ झाल्या ना गाड्या? करा सुरू."

"आणि पुन्हा भरली तर?" मी विचारलं.

तो मिशीवरची रुई पुसत बाजूला झाला. बंद करते असं म्हणायला तोंड उघडलं तेव्हा भाईनं जिनिंगच्या ऑफिसकडे बोट दाखवलं. खिडक्यांना डासांसाठी लावलेली तारेची बारीक जाळी होती. त्यानं ती पकडीनं उपटली, तुकडे केले आणि प्रत्येक इंजिनाच्या तारेभोवती बसवली. वरून बांधायची तार आवळली. मग म्हणाला, "मी पाह्यतो चालवून."

"नाई. मी चालवते."

"भाभी, सकाळपासून पाणी नाई पेले तुम्ही."

मी हेल्मेट घातलं. पहिल्या चकरेत पाय खाली जाईचना. दुसऱ्यांदा दाबला. पट्टा संपत आला, समोर ते विस्कटलेले टायर दिसले, मी पाय उचलला आणि आवाज उतरला. पुन्हा गेले, पुन्हा उतरला. आळीपाळीनं सगळ्या गाड्या पळवल्या. शेवटच्या गाडीतून उतरले तेव्हा अंगाखालची सीट घामानं ओली होती.

मग मी सांगितलं: प्रत्येक वेळी माणूस बदलला की भाई ब्रशनं जागा साफ करील, आणि बसणाऱ्यानं डोळे मिटून लाल बटन शोधून दाखवायचं. ज्याला सापडलं नाही तो बसणार नाही. दोन टीमा तेवढ्यावर चिडून निघून गेल्या. बाकीच्या राहिल्या. दिवे नव्हते, म्हणून सूर्य बुडायच्या आत संपवायची असं ठरलं.

तो राहिलेला वेळ मी कसा काढला! डोळ्यांनी काही पाहिलंच नाही, फक्त ऐकत होते. वळण आलं, आवाज उतरला. वळण आलं, उतरला. एखादा क्षण उशीर झाला की झेंडा आपोआप वर जायचा. पुसदवाले जिंकले असं भाईनंच सांगितलं, शेवटचा झेंडाही त्यानंच दाखवला. मी तोवर दवाखान्यात जायला त्याच्या मोटारसायकलची किल्ली मागत होते.

नवऱ्याच्या खांद्याला पट्टा घालून त्याला घरी आणलं. हाड जुळणार होतं, ऑपरेशन लागलं नाही. पण तो माझ्याशी नीट बोलेना. चहा दे, औषध दे, एवढंच. एके दिवशी मी त्याच्या शर्टाच्या गुंड्या लावत होते, तेव्हा एकदम म्हणाला, "तू संग आली नाई."

"तुम्हीच म्हणले होते येऊ नको."

"म्हणलो होतो."

गुंड्या लावून झाल्या तरी मी तिथंच बसून राहिले. मग त्यानंच विचारलं, "मी गेल्यावर काय झालं थे सांग. सगळं सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. वात, जाळी, मिशीवाला, माझ्या चकरा. मी हेल्मेट घातल्याचं सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हातानं माझं मनगट धरलं. जोरात धरलं. मग मला रडू आलं, त्या दिवशी न आलेलं सगळं.

आता आमच्या इंजिनांना पत्र्याच्या पेट्या आहेत, भाईनं स्वतः ठोकून बनवलेल्या. इंजिनं तीच, पंपाची. नवरा अजून ट्रॅकवर फिरकत नाही, पण भाई घरी आला की कोणत्या गाडीचा आवाज कसा आहे ते विचारतो. भाईला यंदा सहा तासांची रेस घ्यायची आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.