धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी: अंबाजोगाई ते माजलगाव

माजलगावचं धरण भरलंय असं कळलं आणि मी न् माझी नणंद वैशाली, दोघींनी रविवारी सकाळी अंबाजोगाईहून स्कूटी काढली. केज, धारूरमार्गे दोन-अडीच तास धरा. धारूरचा घाट अरुंद आहे; समोरून ट्रक आला की कडेला थांबलेलं बरं.

धरण डोळे भरून पाहिलं आणि सिंदफणेच्या काठानं खाली एका गावात चहाला थांबलो. कांताबाईंचं हॉटेल. वीस रुपयांत कागदभर गरम भजी.

दुसरा घाणा पडला आणि आम्हा दोघींचे फोन भोंग्यासारखे ओरडले. पडद्यावर मराठीत सूचना: धरणातून पाणी सोडणार, नदीपात्रातून ताबडतोब बाहेर पडा. मागोमाग फळीवर चार्जिंगला लावलेला साधा फोनही वाजला. कांताबाईंनी उचलला. आतून तोच इशारा, पोलीस पाटलाच्या आवाजात. गावानं नोंदवलेल्या सगळ्या नंबरांवर असा एकदम फोन जातो म्हणे.

कांताबाईंचा चेहरा उतरला. "ह्यो तर तुकाबापूचा फोन! बापू मेंढरं घिऊन नदीत हाय."

कढई वैशालीवर सोपवून त्या स्कूटीवर माझ्या मागं बसल्या. किलोमीटरभर चिखलाची वाट. नदीतल्या वाळूच्या बेटावर एक म्हातारा, भोवती मेंढरं.

"बापू, भायेर निघा! पानी सोडायलेत!"

"कोन म्हनलं?"

"फोन आलाय!"

"माजा फोन तर तुज्याकडंच हाय."

"मंग मी कशाला आले?"

बापू उठला, पण निघेना. झुडपाआड एक मेंढी नुकतीच व्यालेली. "तिला सोडून न्हाई येनार."

कांताबाई घोट्याभर पाण्यातून पलीकडे गेल्या, ओलं कोकरू पदरात घेतलं आणि चालू लागल्या. मेंढी ओरडत मागं, तिच्या मागं कळप, शेवटी बापू. मी काठावरून नुसती हात देत होते.

आम्ही वर चढल्यावर थोड्या वेळानं पाणी आलं. आवाज न करता, गढूळ. बेट दिसेनासं झालं. बापूनं मेंढरं मोजली. मग म्हणाला, "कांता, लई उपकार झाले." त्या म्हणाल्या, "गप बसा. कोकरू धरा, हात भरून आले."

हॉटेलात परतलो तर वैशालीनं निम्मी भजी करपवली होती.

संध्याकाळी घरी पोचल्यावर स्कूटी लावून मी आधी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. त्या एकट्या राहतात, ऐकू जवळजवळ येत नाही. मोठ्यानं सांगितलं, "काकू, फोनवर कधी धोक्याचा भोंगा वाजला तर मी तुम्हाला न्यायला येईन. एक किल्ली माझ्याकडे देऊन ठेवा."

"वाजतो होय फोन असा?" काकूंनी विचारलं आणि किल्ली आणायला आत गेल्या.