नव्या डिस्कवर न आलेली अक्षरे

मुलांनो,

माझ्या आईच्या, म्हणजे तुमच्या पणजीच्या निधनानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात मी एक पान वाचून दाखवले होते. तुम्ही दोघांनी ते तिकडून व्हिडिओ कॉलवर ऐकलेत, आणि नंतर इंग्रजीतही मागवून घेतलेत. त्या पानात एक दुरुस्ती करायची आहे. इतक्या दिवसांनी आत्ताच कळवते आहे, कारण ती करायला भाग पाडणारी गोष्ट गेल्या महिन्यात घडली, आणि तीही लॅपटॉप दुरुस्त करून घेताना. म्हणून आधी लॅपटॉपचे सांगते.

तुमच्या आईचा जुना लॅपटॉप ती परदेशी गेल्यापासून माझ्याकडे आहे. अलीकडे तो सुरू व्हायला इतका वेळ लावायचा की बटण दाबून मी ज्वारी निवडायला बसत असे, आणि सूप रिकामे झाले तरी पडद्यावर गोल फिरतच असे. नवा घे, पैसे पाठवते, असे तुमची आई दर रविवारी म्हणायची. पण पडदा चांगला होता, कीबोर्डची सगळी बटणे जागेवर होती. धड असलेली वस्तू टाकणे मला जमत नाही.

घरून, म्हणजे हिंडलग्याहून, मी तो शहापुरातल्या एका दुकानात नेला. दुकान चाळिशीच्या एक बाई चालवतात. त्यांनी चार स्क्रू काढून आत डोकावले.

"आक्का, मशीन चांगलं हाय की. आतली डिस्क तेवढी म्हातारी झालीया. ती आत गरागरा फिरती, म्हणून दमती. त्याच्या जागी ही एसएसडी घालतो. हिच्यात फिरायचं काय न्हायच."

हातात दिलेली ती वस्तू पत्त्यांच्या कॅटएवढी, पण त्याहून पातळ होती.

"जुन्यातलं हाय तसं सगळं उतरवू, का कोरी बसवू?" त्यांनी विचारले.

"कोरी बसवा. माझ्या फाइली मी पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत. बाकीचा पसारा नको."

"मग जुनी डिस्क डबीत घालून देतो. असू दे घरात."

"ती पुसून टाका," मी म्हणाले. तासाच्या शेवटी फळा पुसूनच वर्गाबाहेर पडायचे, ही माझी छत्तीस वर्षांच्या नोकरीतली सवय.

दुसऱ्या दिवशी घरी आणला. चहाचे पाणी गरम व्हायच्या आत लॅपटॉप सुरू झाला. माझे फोल्डर नवीन डिस्कवर ओळीने लावले आणि शेवटी 'आई' नावाचा फोल्डर उघडला.

त्यात चौदा फाइली आहेत. आई शेवटची सहा वर्षे माझ्याकडे होती. दुपारी ती निपाणीच्या गोष्टी सांगायची आणि मी टाइप करायचे. तिला लिहितावाचता येत नव्हते. जन्म बिड्या वळण्यात गेला. तिचा आवाज कुठेच नाही, कारण फोन पुढे धरला की ती गप्प व्हायची. "ते खाली ठेव, मग बोलतो," म्हणायची. म्हणून तिचे बोलणे म्हणजे या चौदा फाइली, दुसरे काही नाही.

पहिली फाइल उघडली तर पडद्यावर सुटी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे. दुसरीत तेच. चौदावीपर्यंत तेच.

चूक काय झाली ते मला थोड्या वेळाने कळले. निपाणीत लग्नपत्रिका छापणारे एक प्रेसवाले होते. मराठी टाइप करायला त्यांनीच मला त्यांचा फॉन्ट दिला होता, आपल्या सोयीने बरीच अक्षरे इकडची तिकडे केलेला. ते आता नाहीत, प्रेसच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. मी फाइली घेतल्या, पण फॉन्ट जुन्या डिस्कवरच राहिला. आणि ती डिस्क मी पुसायला सांगितली होती.

रिक्षा करून पुन्हा दुकानात गेले. बाईंनी पडद्याकडे पाहिले.

"पुसा म्हणालासा, मी पुसलं. आता त्यात काय न्हाय." मग म्हणाल्या, "कुणाचं हाय ह्ये?"

"आईचं."

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. असल्या जुन्या फाइली बदलायचे ठरलेले मार्ग असतात, ते सगळे त्यांनी करून पाहिले. निम्मी अक्षरे बरोबर यायची, निम्मी भलतीच.

"ह्यातलं एखादं पान कागदावर हाय काय?"

एकच होते. पुण्यानुमोदनाला वाचलेले, पहिल्या फाइलीतून छापलेले. मी ते नेले, बरोबर वही नेली. डाव्या रकान्यात पडद्यावरचे चिन्ह, उजव्या रकान्यात कागदावरचे अक्षर. मी सांगायचे, बाई सगळ्या फाइलींतले ते चिन्ह एकदम बदलायच्या. गिऱ्हाईक आले की "स्वल्प निंदरी", जरा थांबा, असे कन्नडात म्हणून त्याला बाहेर थांबवायच्या. चार दुपारी आम्ही हेच केले.

जसजसे वाचता येऊ लागले तसतशा बाई मोठ्याने वाचू लागल्या. पहिल्या फाइलीत आले, 'शिक्षणाचे महत्त्व ओळखून, स्वतः झळ सोसून मी मुलीला शाळेत घातले.'

"ही तुमची आई बोलतीया व्हय? मला वाटलं शाळंतल्या हेडबाई."

मी वहीचे पान उलटले. पुढे अकरावी फाइल लागली.

'तुला शाळंत घाटलं ते काय मोठं मन करून न्हवं. तू वळलेल्या बिड्या ढिल्या. मुकादम बाद करायचा. पानं वाया, तंबाखू वाया. म्हटलं, ही हितं बसली तर मला बुडविणार. जाऊ दे शाळंत, दुपारपतोर तरी बिड्यांच्या सुपाला हात लावायची न्हाय.'

बाईंनी हसून चष्मा काढून ठेवला. "आता बोलली बघा. माज्या आज्जीगत. मग त्या दिवशी ह्ये का न्हाय वाचलासा?"

मुलांनो, हीच ती दुरुस्ती. मी विसरले नव्हते. अकरावी फाइल माझ्याच हातांनी टाइप केली होती. पण विहारात माझ्या शाळेतली मंडळी येणार होती, वस्तीतल्या मुली बसणार होत्या. आमच्याकडे शाळेचे नाव आदराने घेतात. तिथे ढिल्या बिड्यांचे कारण मला लहान वाटले. म्हणून अकरावी सोडून मी पहिली फाइल छापली, जिच्यात आईच्या तोंडी मी माझे वाक्य घातले होते, आणि तुम्हीही तेच ऐकलेत.

त्याच फाइलीत पुढे तिने आणखी सांगितले आहे. मी सातवी पास झाले तेव्हा मुकादम घरी आला. पोरगी मोठी झाली, आता हात बसेल, बसव कामाला, म्हणाला. 'मी म्हटलं, न्हाय. हिला आता', आणि मग दोन चिन्हे, 'लागलाय.' ती दोन चिन्हे छापील पानावर कुठेच नव्हती. आमच्या वहीत त्यांच्यासमोरचा रकाना रिकामा राहिला.

"'नाद' असंल, आक्का," बाई म्हणाल्या.

"न आणि द आपल्याला सापडले आहेत. हे दुसरे काही आहे."

"मग बसंल त्यो शब्द घाला. तुमच्यासारख्या मास्तरणीला काय अवघड हाय?"

त्या दुपारी माझ्या डोक्यात तीन-चार शब्द येऊन गेले. सगळे चांगले होते, सगळे वाक्यात बसत होते. आईने काय म्हटले होते ते मला खरोखर आठवत नाही. मी तिथे रिकामा चौकोन ठेवायला सांगितला. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि चौकोन घातला.

चौदाही फाइली आता कुठल्याही फॉन्टशिवाय उघडतात. त्या तुम्हाला सोबत पाठवल्या आहेत. अकरा पूर्ण वाचता येतात, तीन फाइलींत मिळून नऊ चौकोन आहेत. पहिल्या चार फाइलींतले बोलणे माझे आहे, तेव्हा मी तिचे बोलणे शुद्ध करून टाइप करत असे. उरलेल्या दहा तिच्या आहेत.