तात्याच्या वर्षाचा रस

बापू गेल्याची बातमी मला सारोळ्याच्या फाट्यावर कळली. भोंगवलीला एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो होतो. दोन बँड, एक घोडा आणि आहेर करणाऱ्यांची नावं कर्ण्यावरून पुकारणारा एक न थकणारा गृहस्थ, एवढं सगळं सोसून मी परतीच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. भोरची एस.टी. आली आणि मला पाहून कंडक्टर खाली उतरला. कंडक्टर आपण होऊन खाली उतरतो तेव्हा बातमी बरी नसते. ''मास्तर, बापू गेलं,'' तो म्हणाला. ''आज सकाळी. आंबं आढीत घालून उठलं, हात धुवाया म्हनून खाली बसलं, ते बसलंच...'' मग त्याने मला तिकीट दिलं, सुटे पैसे मोजून परत केले आणि त्यानंतर बाहीने डोळे पुसले. बापूंना हा क्रम आवडला असता.

बापू आमच्या शाळेचे हेडक्लार्क. भोरात आमच्या दोघांच्या घरांची भिंत एकच होती, त्यामुळे त्यांचा खोकला मला त्यांच्या बायकोइतकाच ओळखीचा होता. शाळेत रीतसर शोकसभा झाली. अध्यक्षांनी बापूंना संस्थेचा आधारवड म्हटलं. बापू अंगाने असे, की त्यांच्या सावलीत छत्रीसुद्धा पुरती मावली नसती. त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली, असंही कोणी म्हणालं. ही पोकळी प्रत्येक शोकसभेत निर्माण होते आणि पुढच्या पगाराच्या आत भरून निघते. कर्तव्यदक्ष हा शब्द तर सगळ्यांनीच वापरला. ते तसे होतेही. पण हा कर्तव्यदक्ष माणूस एक वर्षाआड मे महिन्यात, निकालाची ऐन घाई असताना, रजा टाकून भुशाच्या शेगडीसमोर बसायचा, हे कोणी बोललं नाही. मला विचाराल तर खरे बापू त्या रजेत सापडायचे.

भुशाची शेगडी म्हणजे काय, हे आता गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांत सांगावं लागेल. पत्र्याचा डबा, त्याला तळाशी बाजूला एक भोक. डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती वखारीतून आणलेला भुसा ठासायचा, मग बाटली फिरवत फिरवत अलगद वर ओढून घ्यायची आणि खालच्या भोकातून काटकी सारून पेटवायचं. एकदा पेटली की ही शेगडी कोणाचं ऐकत नाही. जे काय ठरवायचं ते भुसा भरताना. सैल भरला तर भडकून तासाभरात विझते, घट्ट भरला तर दिवसभर मंद धुमसत राहते. बापू भुसा असा ठासायचे की शेगडी सकाळी पेटवली तर दिवेलागणीला विझावी. तिच्यावर कल्हईचं रुंद पातेलं, पातेल्यात रायवळ आंब्यांचा पिळून गाळलेला रस. साखर नाही, फक्त मिठाची चिमूट. आणि समोर पाटावर बापू, मनगटाला ओला पंचा गुंडाळून, हातात लाकडी उलथनं. रस दाटू लागला की रटरटतो आणि थेंब उडून चटके बसतात. पण हात थांबवायचा नाही. थांबला की खाली लागलाच. दुपारपर्यंत रसाचा पिवळा रंग केशरी होई आणि उन्हं कलताना तांब्यासारखा. मग ताटलीत एक थेंब टाकून बापू ती तिरकी करत. थेंबाभोवती पाणी सुटलं तर अजून वेळ आहे, नाही सुटलं तर झालं. गार झालेला तो रस लोण्यासारखा बोटावर येई. भाकरीवर फासून खाल्ला तर दुसरं कालवण लागत नसे, आणि चिनी मातीच्या बरणीत भरून तोंडाला फडक्याचा दादरा बांधून ठेवला तर वर्ष उलटून गेलं तरी त्याला काही होत नसे.

''द्या की इकडं, घटकाभर मी ढवळते,'' माई, म्हणजे बापूंची बायको, म्हणायच्या.

''तू बोलत बोलत ढवळतेस. खाली लागेल.''

''आणि तुम्ही जन्मभर गप्प बसून काय मिळवलंत?''

यावर बापूंचं उलथनं जरा जोरात फिरे. माईंचा टोला कुठे बसला आहे हे आम्हा तिघांनाही ठाऊक असायचं.

आंबे येत ते वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावाहून. गावाकडची शेती धाकटा भाऊ तात्या पाहायचा. बापू लहानपणीच शिकायला भोरात आले आणि इथलेच झाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा बापू मला साक्षीला घेऊन गेले होते. जमीन, बैल, भांडी यांची वाटणी तासाभरात, एकही आवाज न चढता उरकली. मग पंच बांधावरच्या आंब्यापाशी आले आणि तिथेच दिवस गेला. आमच्या भागात जमीन वाटली तरी झाडाचा हिस्सा वेगळा असतो. झाड तर कापून वाटता येत नाही. पाच फेटे त्या झाडाखाली बसले, एवढ्या गांभीर्याने की मला वाटलं आता राज्यांच्या सीमा ठरणार. शेवटी निवाडा झाला : झाड एक वर्ष एका भावाचं, एक वर्ष दुसऱ्याचं.

निवाडा दिसायला चोख होता. पण रायवळ आंबा एक वर्ष लगडतो आणि दुसऱ्या वर्षी विसावा घेतो, हे त्या पाचांना, तात्याला, बापूंना, एवढंच काय मलाही माहीत होतं. त्या उन्हाळ्यात झाड रिकामं होतं. म्हणजे पुढच्या वर्षी ते लगडणार. ''पयलं वरीस माजं,'' तात्या घाईने म्हणाला. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने नुसतंच खाकरून घेतलं. बापू म्हणाले, ''धाकटा आहे. घेऊ दे.'' अशा तऱ्हेने तात्याने सगळी भरली वर्षं आपल्याकडे आणि सगळी रिकामी थोरल्याकडे लावून घेतली आणि थोरल्याने ती समजून उमजून दिली. परत येताना गाडीत मी बापूंना तसं म्हटलंही. ते म्हणाले, ''मास्तर, मला भोरच्या बाजारात आंबे मिळतात.''

पुढच्या फाल्गुनात झाड मोहराने पांढरं झालं आणि एका दुपारी गारा पडल्या. मोहर झाडून गेला. तात्याच्या वर्षी झाडाला लोणच्यापुरतीही कैरी धरली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे बापूंच्या वर्षी, झाड असं लगडलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. मग ते थकलं. झाडाचा फेरा बदलला तो कायमचाच. दर खेपेला बापूंच्या वर्षी आंबा, तात्याच्या वर्षी पाला. गावातले लोक म्हणाले, देवानं न्याय केला. मला ते पटत नाही. न्याय करायचा तर देवाने बापूंना विचारलं असतं, आणि बापूंनी साफ नाही म्हटलं असतं.

बापूंनी पहिल्याच वर्षी आंब्याच्या पाट्या तात्याकडे पोचवल्या. त्या तशाच परत आल्या. मग ते स्वतः गेले. मी बरोबर होतो. तात्या गोठ्यात होता. त्याने बसायला घोंगडी टाकली, पण स्वतः उभाच राहिला.

''तात्या, आपण वर्षं बदलून घेऊ. माझं तुला, तुझं मला.''

''आन् गावानं काय म्हनायचं? तात्यानं आदी लबाडी क्येली आन् मग भीक मागितली?''

''गावाला काय करायचंय?''

''तुला न्हाई करायचं, दादा. तू भोरात ऱ्हातुस. म्या हितं ऱ्हातु.''

यात खोटं काही नव्हतं, हीच अडचण होती.

त्यानंतर बापूंना शेगडीची कल्पना सुचली. ती कारकुनाचीच कल्पना होती. आपल्या वर्षी दिलेला आंबा म्हणजे भीक, मान्य. पण तोच आंबा आटवून ठेवला आणि तात्याच्या वर्षी तात्याला दिला तर? त्या वर्षी झाड तात्याचंच असतं. झाडाने फळ वर्षभर आधी दिलं ही झाडाची चूक. ''मी फक्त शिल्लक पुढच्या वर्षात ओढतोय,'' बापू मला समजावून सांगत आणि पातेलं ढवळत राहत. आपल्या हातून भावाने आपल्या झाडाचा एक घास खावा, एवढं त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी जितकं डोकं वापरलं तितकं शाळेच्या अनुदानासाठीही वापरलं नसेल.

तात्याचं वर्ष आलं की अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे गावाकडच्या आकितीच्या, आधी बापू बरणी मांडीवर घेऊन नसरापूरला गाडी बदलत आणि गावी जात. तात्याची बायको सोनाबाई बरणी ठेवून घेई, चहा देई. तात्या शेतावर गेलेला असे. बापू येण्याच्या दिवशी त्याला शेतावर फार काम निघे. आठवड्याभरात बरणी एस.टी.ने भोरला परत. कंडक्टर आमच्या आळीच्या तोंडाशी ओरडे, ''बापू, तुमची बरनी आली बगा! आता हिचा पास काढा, लई फिरतीया!'' बापू हसत, घरात येत आणि दादरा सोडून आत पाहत. दर खेपेला बरणीतला रस बोटभर कमी असायचा. ''खाल्ला,'' ते पुटपुटत. माई म्हणत, तात्याच्या पोरांनी खाल्ला असेल, सोनाबाईनं काढून ठेवला असेल. बापू त्यांच्याशी वाद घालत नसत. त्या बोटभर रिकाम्या जागेवर त्यांनी इतकी वर्षं काढली. उरलेला रस आम्ही शेजारी खात असू. तात्याच्या मानापायी आमच्या मुलांची अंगं भरली, असं मी एकदा बोलून गेलो. बापू हसले नाहीत.

हे वर्ष बापूंचं होतं. आंबे उतरवून आणले, मधल्या खोलीत पेंढ्यात आढी घातली आणि ते गेले.

अग्नी तात्याने दिला. तेराव्यापर्यंत तो भोरातच राहिला आणि आढी घातलेल्या त्याच खोलीत, पेंढ्याशेजारी घोंगडीवर झोपला. दहाव्याला पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला. नदीवर जमलेल्या मंडळींनी समाधानाने माना डोलावल्या. बापूंची कसलीच इच्छा मागे राहिली नव्हती म्हणे. कावळ्याला माहिती कमी होती.

आणि आंबे पिकत होते. सुतकाच्या घरात, जिथे दहा दिवस फोडणीचा वास नव्हता, तिथे रायवळाचा घमघमाट भिंतीतून माझ्या घरापर्यंत यायचा. भेटायला येणारे लोक चेहरा पाडून आत शिरत आणि खोल श्वास घेत. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले. माई म्हणाल्या, ''मास्तर, आळीत वाटून टाका. माझ्याच्यानं बघवत नाहीत.''

''न्हाई,'' तात्या कोपऱ्यातून म्हणाला. मग, ''वैनी, दादा ते कसं करायचा?''

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भुसा भरला. सैल भरला. पहिली शेगडी भडकली आणि रस खाली लागला. त्याने ते पातेलं मुकाट्याने मागीलदारी नेऊन राखेने घासलं. दुसरी शेगडी त्याने मुठीने ठासून ठासून भरली. माई दाराशी बसून फक्त एवढंच म्हणत होत्या, ''भावजी, हात थांबवू नका... कडेनं घ्या... कडेनं.'' मनगटाला काही गुंडाळायचं असतं हे त्यांनी सांगितलं नाही, किंवा त्यांच्या लक्षात राहिलं नाही. तात्याला चटके बसत होते. तो हात काढत नव्हता.

दिवेलागणीच्या सुमाराला ताटलीतला थेंब जागेवर राहिला. तात्याने उलथन्याच्या टोकाचा रस बोटावर घेतला आणि चाटला.

''असा लागतो व्हय...'' तो म्हणाला.

माईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. बोटभर रस कोणी खाल्ला हे त्यांना बापूंच्या हयातीत कळलं नव्हतं. तात्याने तो खाल्ला नव्हता, एवढं आत्ता कळलं.

सकाळी तात्या निघाला तेव्हा माईंनी दादरा बांधलेली बरणी त्याच्या हातात दिली. त्याने ती घेतली, क्षणभर छातीशी धरली आणि फडताळात, बापू ठेवत तिथे, परत ठेवली. मला वाटलं, संपलं. हा माणूस मेलेल्याशीही भांडणार.

''औंदाचं वरीस दादाचं हाय,'' तात्या म्हणाला. ''म्या कसा न्हेऊ? पुढलं माजं. आकितीला येतु आन् न्हेतु. तवर ऱ्हाऊ द्या हितंच.''

आणि तो स्टँडकडे चालू लागला. मनगटावर भाजल्याचे लाल ठिपके होते.

तेव्हापासून बरणी फडताळात आहे. माई रोज तिच्यावरची धूळ पुसतात, दादरा सोडत नाहीत. आमच्या मुलांनी मागितलं तर म्हणतात, ती तात्यांची आहे. पुढच्या वर्षी हा हट्टी माणूस येईल की त्याला पुन्हा शेतावर काम निघेल, मी सांगू शकत नाही. झाडांचाही काही भरवसा नाही, एका गारपिटीने त्यांचा फेरा बदलतो आणि तात्याच्या वर्षीच झाड लगडलं तर त्याला भोरला यायचं कारण उरणार नाही. मी देवाकडे सहसा काही मागत नाही. पण पुढच्या वर्षी त्या झाडाला मोहर येऊ नये, असं मला हल्ली रोज वाटतं.