खंड्याची लघवी आणि पुण्याच्या मॅडम

केजला माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. औषधांना एक्स्पायरी असते, किश्श्यांना नसते, त्यामुळे रॅकवर औषधं कमी आणि डोक्यात किस्सेच जास्त साचलेत. गायीचे वेगळे, म्हशीचे वेगळे, शेळीचे तर विचारूच नका! पण मित्र जमले की फर्माईश एकाच कुत्र्याची होते. "ते खंड्याच्या लघवीचं सांग बे!" सांगतो. मात्र त्या आठ दिवसांत मला जेवढे धक्के बसले, तेवढे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही बसले नव्हते.

*

भानुदासतात्या म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, युसूफ वडगावच्या रस्त्याला घर, पोरगी सासरी. घरात तात्या, काकू आणि खंड्या, तिघंच. एका सकाळी तात्या खंड्याला कडेवर घेऊन दुकानात शिरले. सहा वर्षांचा थोराड गावठी कुत्रा, आणि कडेवर!

"सुनील, हे सारखा पाय वर करायलंय अन् थेंब थेंब टाकायलंय. लालसर. काय तरी औषध दे."

आमचे जनावरांचे डॉक्टर लसीकरणाला खेड्यांत गेलेले. मी म्हटलं, "तात्या, आता मोबाइलवर डॉक्टर मिळतात. पुण्याच्या एक मॅडम फक्त कुत्र्या-मांजरांचंच बघतात."

तात्यांनी डोळे विस्फारले. "निस्तं कुत्र्या-मांजराचंच? मग त्यांचं भागतंय कसं?"

दुपारची वेळ मिळाली. तात्या घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून, ताजं भस्म लावून आले. व्हिडिओ सुरू झाला. मॅडम म्हणाल्या, "पेशंट दाखवा."

"दावतो की! आधी वळख तर होऊ द्या!" म्हणत तात्यांनी मूळ गावापासून सुरुवात केली. खंड्यापर्यंत यायला अकरा मिनिटं लागली.

"दिवसातून किती वेळा लघवी करतो?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, ते काय सांगून जातंय का?"

मॅडमनी औषध लिहून दिलं आणि दोन कामं सांगितली. लघवी तपासायला द्यायची, आणि दिवसभर लक्ष ठेवून नोंद पाठवायची.

*

लघवी धरायची कशात? खंड्या पाय वर करणार कधी, दोन थेंब पडणार कधी! तात्यांनी हाताला लागेल ते उचललं आणि त्याच्यामागे लागले. काकू बाहेर आल्या आणि किंचाळल्याच.

"ओ! ती म्हादेवाची पळी हाय!"

"आगं, कुत्रं बी देवाचंच हाय," म्हणत तात्यांनी नमुना शिशीत ओतला. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

जनावरांची लॅब गावात नाही, म्हणून तात्या माणसांच्या लॅबमध्ये गेले. कुत्र्याचं म्हटलं तर घेणार नाहीत, ही भीती. फॉर्मवर लिहिलं, नाव खंड्या भानुदास, वय सहा, पुरुष. संध्याकाळी लॅबवाल्याचा घाबराघुबरा फोन आला. "तात्या, रक्त हाय, बारीक खडे हायेत! लेकराला आजच्या आज बालरोगतज्ज्ञाकडं न्या!"

*

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी सिरसाळ्याहून तात्यांचा मेहुणा जीपने येऊन धडकला. हातात बिस्किटांचे पुडे, तोंड हे एवढं पडलेलं. मी औषध द्यायला तात्यांच्या घरीच गेलतो, म्हणून हे कानांनी ऐकलं.

"दाजी, या वयात तुमाला लेकरू झालं, ते सहा वर्साचं झालं, अन् आमाला बारशाला सुदीक बोलवलं न्हाई?"

अबोला धरलेल्या काकूंनाही हसू आवरेना. पदराचा बोळा तोंडात धरून त्या आत पळाल्या.

*

पेशंट कोण ते कळल्यावर मेहुण्याने लगेच सल्ला दिला. "मुतखड्यावर बिअर. आमच्या गावात तिघं बरे झाले."

तात्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. तरी तोंडाला रुमाल बांधून ते गावाबाहेरच्या दुकानावर गेले. रुमालाने तोंड झाकलं, पण कपाळावरचं भस्म तसंच! दुकानदाराने हात जोडले. "तात्या? तुमी?"

"माझ्यासाठी न्हाई. कुत्र्यासाठी हाय."

दुकानदार बाटली कागदात गुंडाळत शांतपणे म्हणाला, "सगळे असंच कुणाचं तरी नाव सांगतेत."

नशीब, पाजायच्या आधी तात्या माझ्या दुकानात आले. मी मॅडमना फोन लावून लॅबचा रिपोर्ट सांगितला आणि बिअर किती पाजायची ते तात्यांनी विचारलं. मॅडम एवढ्या ओरडल्या की मोबाइल माझ्या हातातून पडता पडता राहिला. "काही पाजू नका! माणसांचं कुठलंच औषध देऊ नका!" मग त्यांचा आवाज उतरला. "तात्या, नोंदी कुठे आहेत? एकही आलेली नाही मला."

*

तात्यांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले. मी पाहिलं आणि थक्क झालो. पट्टीने आखलेले रकाने, वर तारीख, खाली सही. कंडक्टर तिकिटांचा हिशेब लिहितो त्या वेबिलासारखी सगळी नोंद! 'लिंबाचं झाड, ७.१०, तीन थेंब. डीपीचा खांब, ७.२५, एक थेंब.' मी फोटो पाठवले.

मॅडमनी एकेक ओळ वाचली. मग म्हणाल्या, "काल दुपारी दोनपासून सगळीकडे निरंक लिहिलंय."

"व्हय. एकोणीस वेळा हुबा राहिला. निरंक."

"म्हणजे थेंबही नाही? मग काल का नाही कळवलंत?"

"मॅडम, हिशेब ड्युटी संपल्यावर एकदम जमा करायचा आसतो ना?"

"तात्या, खडा अडकलाय! लघवी पूर्ण तुंबली आहे. हे मोबाइलवरून होणार नाही, आत्ता नळी घालायला हवी. उशीर झाला तर खंड्या वाचणार नाही!"

तीस वर्षं ज्यांचा कागद चुकला नाही, ते तात्या त्या कागदाकडे बघत राहिले. "मी लिहीत बसलो, सुनील. ते मरायलंय, अन् मी लिहीत बसलो."

मी शटर अर्धं ओढलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

*

डॉक्टर लसीकरण सोडून मोटारसायकलवर आले. मेहुणा खंड्याला घेऊन आला. पोट दगडासारखं, डोळे अर्धे मिटलेले. पण कुत्र्याच्या मापाची नळी कुठे? मॅडम व्हिडिओवरून म्हणाल्या, "तान्ह्या बाळाला नाकातून दूध देतात ती नळी आणा." मी शेजारच्या मेडिकलमध्ये धावलो.

"बाळ किती दिवसांचं?" त्याने विचारलं.

"चोवीस किलोचं!" मी म्हटलं आणि नळी हिसकावून पळालो. तो अजून माझ्याकडे संशयाने बघतो.

माझ्या काउंटरवर खंड्या आडवा. डॉक्टर म्हणाले, "हजारो गायी-म्हशी बघितल्या, पण हे पहिल्यांदाच." मॅडम पुण्याहून सांगत होत्या, "हळू. जोर नको. सलाईनने खडा मागे ढकला." तात्या खंड्याचं डोकं धरून उभे. बाहेर पंधरा-वीस माणसं जमलेली, टाचा उंचावून आत बघत होती.

आणि एकदम धार लागली! डॉक्टरांचा शर्ट भिजला, माझं बिलबुक भिजलं. बाहेरची गर्दी ओरडली, "आली! आली!" तात्या सगळ्यांसमोर रडले. मीही रडलो, खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या दिवशी लातूरला नेऊन ऑपरेशन झालं. हरभऱ्याएवढे चार खडे निघाले.

*

आठव्या दिवशी शेवटचा कॉल होता. खंड्याने येतानाच माझ्या बोर्डाच्या खांबावर पाय वर केला होता आणि मी, तात्या आणि काकूंनी उभं राहून ती धार शेवटपर्यंत पाहिली होती. मॅडम खूश होत्या.

"तात्या, पुढे मात्र लक्ष ठेवा. सारखं सारखं जाणं, बराच वेळ उभं राहणं, धार न येता थेंब थेंब येणं, लालसर दिसणं. यातलं काहीही दिसलं तर अंगावर काढू नका."

"न्हाई, न्हाई!" तात्या म्हणाले.

बाकड्यावर बसलेल्या काकू उठल्या. आठ दिवसांत त्या मोबाइलसमोर आल्या नव्हत्या. त्यांनी तात्यांच्या हातातून मोबाइल घेतला.

"मॅडम, हे समदं दोन वर्सं झालं दिसायलंय."

"दोन वर्षं! अहो, मग खंड्याला आधीच का नाही दाखवलंत?"

"खंड्याचं न्हाई सांगत," काकू म्हणाल्या. "ह्यांचं सांगायले."

मी तात्यांकडे बघितलं. त्यांची मान खाली.

"आगं, हे इथं कशाला काढलंस?" तात्या कसेबसे म्हणाले. "त्या मुक्या जनावराला बोलता येत न्हाई, म्हणून एवढं करावं लागलं."

"अन् तुमाला येतंय व्हय?" काकू म्हणाल्या.