ओळीतली अकरावी

आसेगावच्या सुकेशनीचा मंगरूळपीरला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो आणि लग्नं यांवर तिचं पोट भरतं, जीव मात्र एका जुन्या लाकडी कॅमेऱ्यात अडकलेला. तीन पायांवर उभा राहणारी मोठी पेटीच ती. मागच्या दुधी काचेवर सगळं जग उलटं दिसतं. त्यात ती एक्स-रेची फिल्म कापून घालते.

गेल्या साली निंदणाच्या दिवसांत तिनं गावातल्या अकरा बायांचा फोटो काढला. हळदीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाया तिरप्या ओळीत उभ्या राहिल्या. पहिली कॅमेऱ्याजवळ, शेवटची धनीबाई पार लांब. फोटो धुऊन नेला, तर पहिले चार चेहरे लख्ख, पुढचे पुसट, आणि धनीबाई म्हणजे नुसता पांढरा ठिपका.

धनीबाई रागावली नाही. फोटो उन्हात धरून म्हणाली, "पोरी, यात मी कोन्ती हाओ?"

सुकेशनीला ते लागलं. भिंगाचं छिद्र अजून बारीक केलं तर लांबचंही स्पष्ट येतं, पण फोटोला वेळ लागणार आणि वाऱ्यानं पदर हलणार. दुसऱ्या दिवशी तिनं ओसरीत अकरा हळकुंडं तशीच तिरपी मांडली आणि कॅमेऱ्यामागं उभं राहून डोक्यावर काळं कापड घेतलं. एक हळकुंड स्पष्ट झालं की दुसरं सुटायचं. सकाळ अशीच गेली. मग तिनं पुढच्या भिंगाच्या पाटीचा स्क्रू ढिला करून पाटी ओळीच्या जवळच्या टोकाकडे जराशी वळवली, आणि ओळ एकेक करत उजळत गेली. शेवटच्या हळकुंडाच्या सुरकुत्या दिसल्या, तशी ती कापडातच एकटी हसत बसली.

रविवारी बाया पुन्हा धुऱ्यावर आल्या. "आता हालू नोका कोनी," एवढं बजावून तिनं दुसरा फोटो घेतला.

तो द्यायला ती कॅमेरा घेऊनच वावरात गेली; अकराही बाया तिथंच होत्या. धनीबाईनं फोटोवर बोट ठेवून हनुवटीवरच्या गोंदणाचे ठिपके मोजले. तिन्ही होते. मग तिला कापडात शिरायचं होतं. आत गेल्यावर पुन्हा ओळीत उभ्या राहिलेल्या दहाही मैत्रिणी डोकी खाली, पाय वर अशा दिसल्या आणि तिच्या हसण्यानं कापड गदगदा हलायला लागलं.

सुकेशनीनं नवी फिल्म घातली, धनीबाईचा हात भिंगावरच्या झाकणावर ठेवला आणि स्वतः ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

"झाकन काढून मनातल्या मनात दोन मोजजा, मंग वापस लावजा," ती तिथून म्हणाली.

धनीबाईनं श्वास धरला आणि झाकण काढलं.