इमामभाईंच्या हळदीचा डाग

श्री. इमामभाई तांबोळी साठ वर्षांचे होत आहेत, हे मला गौरव समितीकडूनच कळले. त्यांना वय विचारले तर ते हळदीचा भाव सांगतात. आडनाव तांबोळी आणि धंदा हळदीचा. त्यामुळे चुना आणि हळद दोन्ही त्यांच्या घरचीच, असे आम्ही त्यांना चिडवतो. या दोन जिनसांनीच एकदा आम्हा सर्वांचा जीव टांगणीला लावला होता. पण ते पुढे सांगते.

त्यांची माझी पहिली भेट सांगलीच्या पेठेत, त्यांच्या अडतीवर झाली. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. आमचे साताऱ्याचे डॉक्टर वसंतराव आफ्रिकेत, टांगानिकातल्या एका आडगावी दवाखाना चालवतात. त्यांच्यासाठी आमच्या मंडळातल्या आम्ही काही शिक्षिका आणि गृहिणी जुनी धोतरे उकळून जखमेच्या पट्ट्या करीत होतो, डॉक्टरांकडून औषधे गोळा करीत होतो. इमामभाईंकडे मी फक्त रिकामी खोकी मागायला गेले होते.

"आवं बाई, नुसती खोकी घिऊन काय करनार? मुंबईपतूर डोक्यावर न्हेनार हाय का?" त्यांनी विचारले.

त्यांनी चहा मागवला, सुताराला हाक मारली आणि पेट्या करायला सांगितल्या. माल आपल्या गाडीतून गोदीपर्यंत पोचवण्याचेही त्यांनीच ठरवून टाकले. मंडळाचा कारभार त्या दिवशी कुणाच्या हाती गेला, हे आम्हाला कुणाला विचारावे लागले नाही.

दान घेतानाही ते मालासारखे पारखून घेतात. फलटणच्या एका डॉक्टरांनी मुदत संपत आलेल्या बाटल्या मोठ्या मनाने पुढे केल्या. इमामभाईंनी त्या हात जोडून परत केल्या. "तुमच्या लेकराला ही पाजाल का? मग तिकडच्या लेकरांस्नी कशी पाजू?" डॉक्टर क्षणभर रागावले, मग आत जाऊन नव्या बाटल्यांची पेटी घेऊन आले. आज ते आमचे सर्वांत भरवशाचे दाते आहेत.

आता तो डाग. पहिल्या पेट्या निघाल्या त्या दिवशी इमामभाई तांब्या घेऊन आले. "पयल्यांदा परदेशी निघाल्या, अन् कोरड्याच धाडता? लेक सासरी अशी लावता व्हय?" त्यांनी स्वतःच्या दुकानातली हळद पाण्यात कालवली, त्यात चुना घातला आणि ओवाळायचे लालभडक पाणी तयार केले. आम्ही बायकांनी पेट्या हौसेने ओवाळल्या. इमामभाईंचा हात मूळचाच सढळ. त्यांनी उरलेले पाणीही झाकणांवर शिंपडले.

त्यांच्यासोबत मी आणि माझे यजमान गोदीत गेलो. तपासणीच्या साहेबांनी पहिली पेटी उघडली आणि त्यांचा चेहराच बदलला. झाकणाच्या फटींतून पाणी आत झिरपले होते. पांढऱ्या पट्ट्यांवर तांबूस, वाळलेले डाग पडले होते.

"रक्ताच्या पट्ट्या? वापरलेल्या? ह्या दवाखान्याला पाठवता?" साहेबांनी सगळ्याच पेट्या बाजूला काढायला सांगितले.

जहाज संध्याकाळी सुटणार होते. पुढचे जहाज पोचेपर्यंत तिकडचा पावसाळा लागून दवाखान्याचा रस्ता बंद होणार होता. भाजलेल्या मुलांसाठी अंथरुणावरच्या चादरी फाडाव्या लागताहेत, असे वसंतरावांनी कळवले होते. ज्यांनी साऱ्या डॉक्टरांना "जोखीम माजी" म्हणून शब्द दिला होता, त्या इमामभाईंचा चेहरा पाहवत नव्हता.

तेवढ्यात ते पुढे झाले. बोट थुंकीने ओले करून त्यांनी डागावर घासले आणि सरळ जिभेवर ठेवले. साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"साहेब, रगात न्हाई, राजापुरी हाय ही! लय चोख!"

"राजापुरी कोण?" साहेब ओरडले.

राजापुरी ही आमच्याकडच्या हळदीची जात, हे त्या गृहस्थांना कुठून ठाऊक असणार! मी समजावू लागले, पण साहेब ऐकेनात. इमामभाईंनी इकडेतिकडे पाहिले, साहेबांच्या उघड्या डब्यातली लिंबाची फोड उचलली आणि डागावर पिळली. लाल डाग आमच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. साहेबांनी दुसऱ्या डागावर स्वतः लिंबू पिळून पाहिले. तोही पिवळा. मग ते असे हसले की शेजारच्या खोलीतले कारकून गोळा झाले. डागाळलेल्या पट्ट्या तेवढ्या काढायला लावून त्यांनी पेट्या सोडल्या.

जहाज सुटले तेव्हा मी धक्क्यावर उभी राहून चक्क रडले. इतके हायसे मला स्वतःच्या परीक्षा पास झाल्यावरही वाटले नव्हते. इमामभाई मात्र साहेबांना लिंबाची भरपाई म्हणून हळदीची पुडी देत होते. पावसाआधी पट्ट्या पोचल्याचे वसंतरावांनी कळवले, तेव्हा त्यांनी पेठेत सगळ्या हमालांना पेढे वाटले. डागाळलेल्या पट्ट्या त्यांनी टाकल्या नाहीत. कुणा हमालाच्या बोटाला लागले की ते ती पट्टी काढतात आणि सांगतात, "हिला औशद आधीच लावल्यालं हाय."

त्यानंतर कित्येक पेट्या गेल्या. ओवाळणे बंद झालेले नाही. फक्त आता रिकामीच पेटी ओवाळतात, आणि पेटी उन्हात खडखडीत वाळल्यावरच पट्ट्या भरतात.

इमामभाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांच्या पेट्या अशाच समुद्रापार जात राहोत. सत्काराच्या दिवशी आम्ही साताऱ्याच्या बायका त्यांना त्याच लाल पाण्याने ओवाळणार आहोत. त्यांनी नवी पांढरी शेरवानी बिनधास्त घालून यावे. लिंबू आम्ही बरोबर आणतो आहोत.